बंद न पडलेल्या मोटारीसुद्धा मोजा

वाळूज असो, चिकलठाणा असो की शेंद्रा, आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या एमआयडीसीत मेकॅनिकल मेंटेनन्सकडे एक रजिस्टर असतंच, आता कुठे कुठे ते एक्सेलमध्ये असतं. कोणती मशीन कधी बंद पडली, कोणता पार्ट बदलला, सगळं त्यात. रिसर्चसाठी हा खजिनाच आहे. पण तो नीट वाचावा लागतो.

मेंटेनन्स इंजिनिअरचा रोजचा प्रश्न साधा असतो: बेअरिंग किती तासांनी बदलायचं? लवकर बदललं तर चांगला माल भंगारात. उशीर झाला तर रात्रपाळीत लाइन बंद.

समजा, एकसारख्या १० मोटारी एकाच दिवशी सुरू केल्या. तीन मोटारींची बेअरिंग ४,०००, ५,००० आणि ६,००० तासांना गेली. आज ८,००० तास झालेत आणि बाकी सात मोटारी मूळ बेअरिंगवरच चालू आहेत. ब्रेकडाउनच्या रजिस्टरमध्ये नोंदी फक्त तीन. त्यांची सरासरी ५,००० तास. यावरून वेळापत्रक केलं, तर ८,००० तासांनंतरही व्यवस्थित चालणारी सात बेअरिंग तुम्ही उगाच काढली असती.

आता सगळे तास धरा. गेलेल्या तिघांचे १५,०००, चालू सातांचे ५६,०००, एकूण ७१,०००. बिघाड तीन. बिघाडाचा दर कायम सारखा राहतो असं मानलं, तर सरासरी आयुष्य येतं सुमारे २३,७०० तास! जे अजून बंद पडलेलंच नाही, त्याच्या माहितीला 'सेन्सॉर्ड डेटा' म्हणतात. ती अपुरी असते, पण निरुपयोगी नसते.

दर सारखा राहत नसेल तर? तिथे वायबुल डिस्ट्रिब्युशन कामाला येतं. वालोदी वायबुल या स्वीडिश इंजिनिअरचा त्यावरचा गाजलेला पेपर १९५१ चा. त्यातला शेप पॅरामीटर १ पेक्षा जास्त आला, तर पार्ट झिजून जातोय. वेळेवर बदलण्यात फायदा आहे. १ च्या आसपास आला, तर बिघाड केव्हाही होऊ शकतो. जुना काढून नवा घालून काही साधत नाही. १ पेक्षा कमी आला, तर नवाच पार्ट लवकर जातोय. आधी फिटिंग, अलाइनमेंट आणि ग्रीस तपासा.

म्हणून कंपनीकडे डेटा मागताना फक्त ब्रेकडाउनची यादी मागू नका. प्रत्येक पार्टसाठी तीन गोष्टी विचारा: कधी बसवला, कधी काढला, आणि बिघडला म्हणून काढला की वेळापत्रकाप्रमाणे. शेवटचा रकाना बहुतेक वेळा रिकामा असतो. तेव्हा जुन्या फिटरकाकांजवळ बसा आणि विचारून घ्या. तुमचा रिसर्च तिथूनच सुरू होतो.