दोष बोटांचा की त्रिज्येचा?

"तुझ्या बोटांत दमच नाही," असं विंगमधला सीनियर म्हणाला आणि मला ते पटलंही! माझ्या सेकंडहँड गिटारवर बारीक तार बेंड केली की सूर मधेच मरायचा. त्याच्या नव्या गिटारवर मात्र मलाही जमायचं. शेवटी वेगवेगळ्या त्रिज्यांचे पुठ्ठे कापून दोन्ही फिंगरबोर्डना लावून पाहिले.

१९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या फिंगरबोर्डची त्रिज्या ७.२५ इंच होती. माझ्या गिटारची तेवढीच निघाली, सीनियरची ९.५. २०१९ च्या अमेरिकन अल्ट्रामध्ये तर ती १० पासून १४ इंचांपर्यंत वाढत जाते. त्रिज्या जास्त, तेवढा बोर्ड सपाट. ५० मिमी रुंदीत माझ्या बोर्डाचा मध्य कडेपेक्षा सुमारे १.७ मिमी उंच, त्याचा १.३. ओढलेली तार या उंचवट्यावर येते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर गप्प! तारा वर उचलल्या तर हे टळतं, पण मग दाबताना बोटं दुखतात.

म्हणजे जुनी गिटार टाकाऊ? मुळीच नाही. कॉर्ड धरताना तिची गोलाई हातात मस्त बसते, हे सीनियरही कबूल करतो. तेव्हा मित्रांनो, कोणी गिटारची स्तुती केली, तर आधी विचारा, "तू वाजवतोस काय?"