कोड्यातला कवी

मंडळी, शब्दकोड्यात खूण येते : ‘इटलीचा कवी, तीन अक्षरे.’ असे कवी पुष्कळ! पण पुढे ‘व्हेर्दीच्या १८८७ च्या ‘ओतेल्लो’ची पदे याची’ असे म्हटले, की उत्तर एकच : बोइतो. खूण अशीच हवी. तिने एकाच दारापाशी नेऊन सोडावे.

आरिगो बोइतो कवी होता, टीकाकारही. ऑपेरा म्हणजे तिकडचे संगीत नाटक. तिथे संगीतकाराचे नाव राहते, शब्दकाराचे मागे पडते. बोइतोने तर १८७६ च्या ‘ला जोकोंदा’साठी आपल्याच नावाची रोमन अक्षरे फिरवून ‘तोबिया गोरिओ’ हे नाव घेतले. नावाचेच कोडे की हो!

गुरुजी, मुलांना अशी एक खूण रचायला सांगा. पदे कुणी लिहिली, हे मग त्यांना शोधावेच लागेल.