विकत घेतलेल्या डबीची चावी

गणपतीपुळ्यात अंगारकीच्या किंवा नाताळच्या गर्दीत पाच-सहा खोल्यांच्या घरगुती निवासात वीस-पंचवीस फोन एकाच फायबरच्या लाइनवर येतात. संध्याकाळी मंडळी किनाऱ्यावरून परतली की समुद्राचे व्हिडिओ पाठवणे सुरू होते, आणि नेमके त्याच वेळी मालकाने भाजीवाल्याला केलेले यूपीआयचे पेमेंट नुसते फिरत राहते. बोल लागतो तो रेंजला. पुष्कळदा दुखणे असते कोपऱ्यातल्या वायफायच्या डबीत. लाइन भरली की राउटर जादा आलेली माहिती आपल्या मेमरीत रांगेने उभी करतो. मेमरी स्वस्त होत गेली तशा या रांगा लांबत गेल्या. इथल्या आरे-वारे रस्त्याच्या वळणांवर पुढे तीन आरामबस लागल्या की मागच्या दुचाकीची जी गत होते, तीच त्या पेमेंटची. त्याला जागा कितीशी लागते! पण पुढचे व्हिडिओ सरकेपर्यंत त्याला सरकता येत नाही. जिम गेटिस या अमेरिकी अभियंत्याने २०१०च्या सुमारास या प्रकाराला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. २०१२मध्ये ‘एफक्यू-कोडेल’ ही रांग लावण्याची नवी रीत आली, आणि तिची सुधारलेली आवृत्ती ‘केक’ २०१८मध्ये लिनक्स या मुक्त प्रणालीच्या ४.१९ या आवृत्तीत सामील झाली. प्रत्येक संभाषणाची रांग वेगळी ठेवायची, छोट्यांना आधी वाट द्यायची, आणि एकूण वेग लाइनच्या क्षमतेपेक्षा किंचित कमी राखायचा, एवढेच तिचे मर्म. हा कोड मोफत आहे, कोणीही वापरावा. तरीही हजार-दीड हजारांच्या राउटरमध्ये कंपनीने भरून दिलेल्या प्रणालीत तो सहसा नसतो. यंत्राला जमत असलेले काम यंत्र करत नाही, कारण आतली प्रणाली बदलण्याची मुभा नाही. माझे म्हणणे असे, की स्वस्त इंटरनेट उपकरण विकताना त्यातली ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याची वाट ग्राहकाला खुली ठेवणे हे उत्पादकाचे कर्तव्य मानले गेले पाहिजे.

मुळात ही डबी म्हणजे पडदा आणि कळफलक नसलेला पूर्ण संगणक आहे. राउटरसाठी लिहिलेली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही मुक्त प्रणाली एके काळी फक्त ४ एमबी फ्लॅश मेमरीत मावत असे, म्हणजे आजच्या फोनवरच्या एका फोटोच्या जागेत. ते कसे साधले, हे पाहण्यासारखे आहे. मूळ प्रणाली घट्ट दाबून, कधीच न बदलणाऱ्या भागात लिहिलेली असते. वापरणाऱ्याने केलेले बदल, वायफायचे नाव, पासवर्ड, नवे प्रोग्राम, हे सगळे तिच्यावरच्या दुसऱ्या थरात जाते. छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर खुणा कराव्यात, तसे. खुणा चुकल्या तर वरचा कागद काढून टाकायचा. खालचा नकाशा शाबूत. राउटर सुरू होताना दिवा विशिष्ट लयीत लुकलुकतो. त्या काही सेकंदांत बटण दाबले तर यंत्र वरचा थर बाजूला ठेवून केवळ मूळ प्रणालीवर उभे राहते, आणि तारेने जोडलेल्या संगणकाला १९२.१६८.१.१ या पत्त्यावर सापडते. ज्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नसतो, तिथे ही रचना मोलाची आहे. नोंद लिहिताना मध्येच वीज गेली, तरी बिघडेल तो वरचा कागद.

ही प्रणाली जन्माला कशी आली, यातच माझ्या मुद्द्याचा मोठा पुरावा आहे. लिंक्सिस कंपनीचा ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा राउटर २००२च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या पोटात लिनक्स आहे हे २००३च्या जूनमध्ये उघड झाले. लिनक्सचा परवाना सांगतो, की कोड वापरून वस्तू विकायची तर त्या कोडातले आपले बदलही घेणाऱ्याला द्यावे लागतात. तोवर सिस्कोच्या मालकीच्या झालेल्या लिंक्सिसने काही आठवड्यांत तो कोड खुला केला आणि जानेवारी २००४मध्ये त्यावरच ओपनडब्ल्यूआरटीचे काम सुरू झाले. पुढे २००५मध्ये खर्च वाचवण्यासाठी कंपनीने त्याच राउटरची मेमरी निम्मी केली आणि लिनक्स काढून दुसरी बंदिस्त प्रणाली घातली. ग्राहकांची नाराजी इतकी, की त्याच वर्षी जुनी घडण परत आणून ती ‘डब्ल्यूआरटी५४जीएल’ या नावाने विकावी लागली. शेवटचा एल लिनक्सचा. वायफायच्या दोन पिढ्या येऊन गेल्या तरी हे मॉडेल दशकभर विकले जात होते. खुलेपणाने धंदा बुडतो असे म्हणणाऱ्यांनी या एका अक्षराचा हिशोब मांडून पाहावा.

कोकणात या खुलेपणाचे मोल आणखी एका कारणाने वाढते. मे महिन्यात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास विजांचा कडकडाट होतो तेव्हा बाहेरून आलेल्या तांब्याच्या तारेवाटे झटका राउटरपर्यंत पोचतो. कधी अख्खा बोर्ड जळतो, पण कधी फक्त बाहेरच्या लाइनचे एक पोर्ट जाते आणि बाकीची चार धडधाकट राहतात. कंपनीच्या प्रणालीत बहुधा बाहेरची लाइन कोणत्या पोर्टला हे कायमचे ठरलेले असते, म्हणून ती डबी भंगारात जाते. मुक्त प्रणालीत दोन ओळी बदलून उरलेल्या चारांपैकी एकाला ते काम देता येते. सुरक्षिततेचेही तसेच. २०१६मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन जगातली मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. कंपनीने विकून सोडून दिलेल्या डबीची प्रणाली कोणीतरी अद्ययावत ठेवायला हवी. मालकालाच ती वाट बंद असेल तर ठेवणार कोण?

यावर पहिला आक्षेप असा, की फर्मवेअर, म्हणजे आतली प्रणाली, बदलणे हे काय लॉजवाल्याचे काम आहे? नाही. पण विहिरीवरच्या पंपाची मोटरही प्रत्येक बागायतदार स्वतः गुंडाळत नाही. पंचक्रोशीत एक रिवाइंडिंगवाला असला की पुरते. मोटर उघडता येते म्हणून तो आहे. डबी उघडता आली तर मालगुंड-गणपतीपुळ्यात राउटरवालाही उभा राहील, आणि त्याला ओपनडब्ल्यूआरटीचा पडदा काही अंशी मराठीतही मिळेल, कारण स्वयंसेवकांनी त्याचे भाषांतर चालवले आहे. नुसती मुक्त प्रणाली पुरत नाही, माणूस आणि पाठबळही लागते, हे मात्र मान्य केले पाहिजे. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७मध्ये ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. बावीसेक मुलांच्या हाती एक्सओ लॅपटॉप आले: २५६ एमबी मेमरी, १ जीबी साठवण आणि त्यावर लिनक्स. ते यंत्र मुलांनी उघडून पाहावे अशाच बेताने बनवले होते. कळफलकावर प्रोग्रामचा मूळ कोड दाखवण्याची वेगळी कळ होती. तरी शंभर डॉलरचे म्हणून गाजलेले यंत्र १८८ डॉलरला पडले, केंद्र सरकारने योजनेला आधीच नकार दिला होता, आणि प्रयोग देशभर पसरला नाही. मुक्त प्रणाली असली की बाकीचे आपोआप होते असे मानणाऱ्यांना खैराटचे उदाहरण सावध करते. प्रणाली बंद असती तर प्रयोग फळला असता, असे मात्र त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप रेडिओलहरींचा, आणि तो वजनदार आहे. प्रणाली बदलता आली तर कोणी प्रक्षेपणाची ताकद कायद्याबाहेर वाढवील आणि इतरांच्या, कदाचित हवामान रडारच्याही, कामात व्यत्यय आणेल. भारताने २००५मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला तो ताकदीची मर्यादा घालूनच. परंतु अमेरिकेतली घटना पाहा. तिथल्या दूरसंचार आयोगाचे नियम २०१५च्या सुमारास कडक झाल्यावर टीपी-लिंकने बाहेरची प्रणाली चढवणेच बंद केले. २०१६च्या ऑगस्टमध्ये ताकदीच्या मर्यादा ओलांडू दिल्याबद्दल त्याच कंपनीला २ लाख डॉलर भरावे लागले, आणि त्याच समझोत्यात मुक्त प्रणालींना वाव देण्याच्या दिशेने काम करण्याची अट तिने मान्य केली. म्हणजे नियामकालाच उमगले, की कुलूप रेडिओच्या भागाला पुरते; अख्ख्या संगणकाला लावण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप तोट्यात विकलेल्या वस्तूंचा. नेटप्लायन्स कंपनीने ‘आय-ओपनर’ हे इंटरनेट यंत्र ९९ डॉलरला, घडणीच्या खर्चापेक्षा कमी दराने विकले. नफा मासिक वर्गणीतून यायचा होता. २०००मध्ये लोकांनी त्याला हार्ड डिस्क जोडून लिनक्स चालवले आणि कंपनीने घाईने यंत्राची घडण व विक्रीच्या अटी बदलल्या. आपल्याकडे २०१७चा जिओफोन १,५०० रुपये अनामत घेऊन दिला गेला. त्यातली कायओएस ही प्रणाली मोझिलाच्या मुक्त कोडातून आलेली, पण ती बदलण्याची सोय फोन घेणाऱ्याला दिली गेली नाही. वर्गणीवर चालणाऱ्या धंद्याला करार संपेपर्यंत कुलूप हवे, हे मी समजू शकतो. पैसे फिटल्यावर, अनामत परत झाल्यावर ते का उघडू नये? खैराटला गेलेल्या एक्सओ जातीच्या लॅपटॉपवरही चोरीच्या भीतीने कुलूप होते, पण त्याची ‘डेव्हलपर की’ मागून घेता येत असे.

मुक्त प्रणालीलाही मर्यादा आहेत, त्या झाकू नयेत. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी मेमरीच्या राउटरांना ओपनडब्ल्यूआरटीनेही १९.०७ या आवृत्तीनंतर निरोप दिला. लिनक्सच वाढले, जागा पुरेना. फायबरचा वेग फार असेल तर स्वस्त प्रोसेसरला ‘केक’चे गणित झेपत नाही. आणि चुकीची फाइल चढवली तर डबी विटेसारखी निकामी होते, ही भीती खरी आहे. पण तिच्यावरही तोड निघाली आहे. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये या प्रकल्पाने स्वतःचा पहिला राउटर ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ आणला, पेटीसकट ८९ डॉलरच्या आसपास. त्यात दोन स्वतंत्र फ्लॅश आहेत आणि एक छोटी सरकपट्टी. मुख्य प्रणाली बिघडली तर पट्टी सरकवायची. यंत्र दुसऱ्या फ्लॅशमधून उठते आणि पहिलीची दुरुस्ती करता येते. गणपतीपुळ्याच्या लॉजवाल्याला आज ही किंमत परवडणार नाही. त्यातला भुर्दंड बराचसा प्रोसेसर, १ जीबी मेमरी अशा गोष्टींचा असावा. दुसरी छोटी फ्लॅश आणि सरकपट्टी दीड हजारांच्या डबीतही बसवता येईल. शाळा, ग्रामपंचायती, पर्यटन महामंडळाची निवासस्थाने राउटर घाऊक घेतात तेव्हा निविदेत अँटेना किती आणि वेग किती हे विचारले जाते. त्याच कागदावर आणखी एक ओळ मावेल: हमीची मुदत संपल्यावर बूटलोडर, म्हणजे सुरुवातीला प्रणाली उठवणारा प्रोग्राम, उघडण्याची सोय उत्पादकाने द्यावी.