चाळिशीत तोंडाला रंग

“आता या वयात कसली नाटकं?” हा प्रश्न आपल्या घरांतून बहुधा थट्टेने विचारला जातो. पण चाळिशीचा गृहस्थ खरोखरच नोकरी सोडून नाटकाकडे निघाला की त्यातली थट्टा संपते. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते, म्हातारे आईवडील हे सारे दारात उभे राहते. तरीही काही माणसे ही वाट धरतात. ती त्यांना कशी साधते?

आपल्या रंगभूमीवरचे ठळक उदाहरण डॉ. श्रीराम लागू यांचे. १९२७ साली जन्मलेले लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. पुण्यात त्यांनी व्यवसाय केला, टांझानियातही रुग्ण तपासले. १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर त्यांनी उभे केले.

याला लोक ‘उडी’ म्हणतात. पण उडीमागची धाव कुणी मोजत नाही. वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून लागू नाटकात होते. पुण्यात भालबा केळकरांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे हौशी रंगभूमीवर काम केले. १९६९ मध्ये त्यांनी पेशा बदलला. तयारी त्याआधीच झाली होती.

अमरीश पुरी यांची गोष्टही याच जातीची. तरुणपणी पडद्याच्या चाचणीत ते नापास झाले आणि कर्मचारी विमा महामंडळात नोकरीला लागले. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी सत्यदेव दुबे यांच्याकडे तालीम, असे त्यांचे दिवस गेले. जाहिरातींना त्यांनी आवाजही दिला. चित्रपटातली खरी कारकीर्द बहरली ती चाळिशीनंतर.

आवाजाचे काम वाटते तितके सोपे नाही. फुप्फुसांतली हवा स्वरतंतूंना कंप देते आणि घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्यांत तो नाद घुमतो. श्वास अपुरा पडला की वाक्याचे शेपूट गळते. मायक्रोफोनसमोर ‘प’ किंवा ‘भ’ म्हणताना हवेचा झोत त्यावर आदळतो, म्हणून तोंड किंचित तिरके धरावे लागते. शिवाय तेथे हातवारे कामाला येत नाहीत. राग, लाज, लाचारी सारे काही आवाजातच उतरावे लागते. चरित्र अभिनेत्याचे भांडवलही असेच असते. सासरा, सावकार, शिक्षक, फौजदार ही माणसे ज्याने आयुष्यात जवळून पाहिली, त्याला ती वठवणे सोपे जाते. कचेरीतली वीस वर्षे अशी वाया जात नाहीत.

अर्थात, प्रत्येकाला यश मिळतेच असे नाही. आपण यशस्वी झालेल्यांचीच नावे घेतो. पोटासाठी परत फिरलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही. म्हणून कुणाला “सोड नोकरी” असा सल्ला देण्याचे धाडस मी करणार नाही.

आपल्यापैकी कित्येकजण पदवीनंतर बँकेच्या किंवा स्पर्धा परीक्षांच्या मागे लागतील. घरची परिस्थिती पाहता ते योग्यही आहे. पण स्नेहसंमेलन संपले म्हणून तालीम का संपावी? संध्याकाळचा एक तास रोज मोठ्याने वाचण्यासाठी राखून ठेवता येतो. लागूंनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ हे नाव दिले. लमाण म्हणजे एका गावचा माल दुसऱ्या गावी पोचवणारा. पाठीवरचे ओझे वेळोवेळी बदलले तरी चालते. चालण्याची सवय मात्र मोडता कामा नये.