तांबड्या आम्लाला वेसण

अग्निबाणाला हवेवाचून चालावयाचे असते. म्हणून इंधनाबरोबरच त्याचे ज्वलन घडवून आणणारा पदार्थही त्याला टाकीत भरून न्यावा लागतो. द्रवरूप ऑक्सिजन या कामी उत्तम खरा. परंतु तो उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो, तेव्हा महिनोगणती साठवून ठेवणे कठीणच. याला पर्याय म्हणून पुढे आले ते धूमयुक्त तांबडे नत्राम्ल. त्याचा रंग आणि त्याच्या विषारी वाफा या त्यात विरघळलेल्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या.

पण हे आम्ल पोलाद खात असे. टाकी झिजे, धातूचे क्षार आम्लात उतरून गाळ साचे. त्यामुळे ते उड्डाणाच्या अगदी आधीच भरावे लागे, आणि संरक्षक पोशाख चढवून, वाफा चुकवीत ते ओतणाऱ्या माणसांच्या जिवाशी गाठ असे.

१९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत यावर उतारा सापडला, तोही दुसऱ्या आम्लाचाच! सुमारे अर्धा टक्का हायड्रोफ्लुओरिक आम्ल (काचेलाही खाणारे ते हेच) मिसळले की धातूच्या पृष्ठभागावर फ्लुओराइडचा पातळ थर बसतो आणि नत्राम्लाची धातूशी गाठच पडत नाही. झीज एक-दशांशाहूनही कमी झाली. आम्ल भरलेली टाकी बंद करून ठेवता येऊ लागली आणि ऐन वेळची ओताओत टळली.

पुढे नत्राम्लाची जागा बहुतांशी नायट्रोजन टेट्रॉक्साइडने घेतली. हा द्रव आणखी शुद्ध केला तर आणखी निर्धोक होईल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात १९६५ साली अपोलो यानासाठी केलेल्या टिटॅनियमच्या टाक्या या द्रवाच्या चाचणीत तडकल्या. शोधाअंती कळले की शुद्धीकरणात नायट्रिक ऑक्साइडचा जो अल्प अंश निघून गेला होता, तोच टाक्यांना सांभाळीत होता. मग तो मुद्दाम परत मिसळण्यात आला. एक टक्क्याहूनही कमी. त्याने द्रवाला हिरवी छटा येते.

टाकी वाचली, तरी द्रवाचा विषारीपणा मात्र कायम राहिला. जुलै १९७५ मध्ये सोयुझशी भेट घेऊन परतणाऱ्या अपोलो यानात, उतरताना याच द्रवाच्या वाफा शिरल्या. व्हान्स ब्रँड हे बेशुद्ध पडले आणि तिघाही अंतराळवीरांना होनोलुलू येथील रुग्णालयात ठेवावे लागले. भारताच्या पीएसएलव्ही अग्निबाणाचा दुसरा टप्पाही नायट्रोजन टेट्रॉक्साइडवरच चालतो.