एकार्ट मुथेसियस : माणिकबाग बांधणारा आणि टिपणारा

इंदूरचा राजवाडा सगळ्यांना ठाऊक असतो, लालबागही. माणिकबागेचं नाव काढलं की मात्र बरेच जण रस्ता सांगतात, वाडा नाही. म्हणून तो बांधणाऱ्या माणसाविषयी थोडं.

एकार्ट मुथेसियस यांचा जन्म १९०४ चा, बर्लिनचा. वडील हेर्मान मुथेसियस नावाजलेले वास्तुकार. यशवंतराव होळकर (दुसरे) ऑक्सफर्डला शिकत असताना दोघांची ओळख झाली. १९३० मध्ये माणिकबागेचं काम मुथेसियस यांच्याकडे आलं, तेव्हा महाराज बाविशीच्या आतबाहेर आणि वास्तुकार सव्वीस वर्षांचा! महाराणी संयोगिताराजे कागलच्या. या तरुण जोडप्याला कमानी-घुमट नको होते, नव्या काळाचं घर हवं होतं.

१९३३ पर्यंत ते उभं राहिलं. यू आकाराची दुमजली इमारत, सरळ रेषा, नक्षीकामाला फाटा. मी पेशाने इंजिनिअर, त्यामुळे मला जास्त कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. त्या काळात इथे वातानुकूलन होतं. सामानाचा मोठा भाग युरोपात तयार होऊन जहाजाने आला. हजारो मैलांवर बनलेली वस्तू इथल्या भिंतीत बसायची, म्हणजे मापं किती काटेकोर लागली असतील! मुथेसियस यांनी स्वतः आरेखित केलेल्या लाल खुर्च्यांत तर वाचायचे दिवे खुर्चीतच बसवलेले होते. जोडीला रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए यांच्या वस्तू आणि दा सिल्वा ब्रून्स यांचे गालिचे.

मुथेसियस यांनी आपल्या या कामाचे फोटोही काढले. एमिल लाइटनर यांनीही काढले. आज या फोटोंना मोल आहे त्याचं कारण पुढच्या घटनांत आहे. १९३७ मध्ये संयोगिताराजे गेल्या. महायुद्ध आलं आणि मुथेसियस यांचा भारताशी असलेला कामाचा संबंध तुटला. १९६१ मध्ये यशवंतराव वारले. १९८० मध्ये मोनॅको इथे सदबीजने माणिकबागेतल्या वस्तूंचा लिलाव केला आणि सामान जगभर पांगलं. वाड्यात सरकारी कर खात्याचं कार्यालय आलं. मुथेसियस १९८९ मध्ये निवर्तले.

आता एक खुर्ची एखाद्या संग्रहालयात बघायला मिळेल. पण ती कुठल्या खिडकीपाशी होती, दिव्याचा उजेड कुठून पडत होता, हे कळतं ते फोटोंतूनच. आम्ही इंजिनिअर काम संपल्यावर 'जसं बांधलं तसं' दाखवणारा नकाशा करून ठेवतो. हे फोटो मला तसेच वाटतात.

अर्थात त्यांच्याही मर्यादा आहेत. फोटो कृष्णधवल, त्यामुळे रंग हरवले, आणि या घरात रंगाला फार महत्त्व होतं. शिवाय खोल्यांचे जे फोटो मी पाहिलेत, त्यांत माणसं जवळपास नाहीतच. ज्या गवंड्यांनी, सुतारांनी, मजुरांनी हा वाडा उभा केला, त्यांची नोंद वास्तुकाराच्या कॅमेऱ्यात शोधून सापडायची नाही. ती इंदूरच्याच घरांत, जुन्या पेट्यांत असली तर असेल.

म्हणून सांगणं एवढंच : घरात होळकरकालीन फोटो, हजेरीपट, पावत्या असतील तर रद्दीत टाकू नका. आधी फोटोमागे पेन्सिलीने नावं लिहा, ओळखणारी माणसं आहेत तोवर. मग स्कॅन करा. माणिकबागेच्या भिंती अजून उभ्या आहेत. त्यांची गोष्ट मात्र अर्धीच आपल्या हाती आहे.