सर्वांत दुबळे बल कोणते?

निसर्गातले सर्वांत मोठे बल कोणते, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले गुरुत्वाकर्षणाचे नाव घेतात. ते साहजिकच आहे. हातातून सुटलेला खडू खाली पडतो, चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, समुद्राला भरती येते. या सर्वांमागे तेच बल असते. पण एक साधा प्रयोग करून पाहू. प्लास्टिकची फणी कोरड्या केसांवरून सात-आठ वेळा फिरवून कागदाच्या कपट्यांवर धरू. कपटे उडून फणीला चिकटतात. अख्खी पृथ्वी त्यांना खाली ओढत असते, तरीही एक फणी तिला हरवते!

दोन प्रोटॉन घेतले, तर त्यांच्यातील विद्युत प्रतिकर्षण हे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १ वर ३६ शून्ये इतके पट मोठे असते. दोन्ही बले अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतात, त्यामुळे प्रोटॉन दूर नेले तरी हे गुणोत्तर तेच राहते. मग एवढे दुबळे बल ग्रहताऱ्यांवर राज्य कसे करते?

चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम पाण्याचा विचार करू. त्यातील सर्व इलेक्ट्रॉनांचा ऋण विद्युतभार अडीच लाख कूलोमहून अधिक भरतो. एकमेकांपासून १ किलोमीटरवर ठेवलेल्या १-१ कूलोमच्या दोन भारांमधले बल ९००० न्यूटन, म्हणजे सुमारे ९०० किलोग्रॅम वस्तुमानाच्या वजनाएवढे असते. तरीही चमचा आपण सहज उचलतो, कारण पाण्यात तेवढाच धन विद्युतभारही असतो आणि बेरीज शून्य होते. वस्तुमानाला मात्र ऋण बाजू नाही. प्रत्येक कणाचे आकर्षण दुसऱ्यात मिळत जाते. थेंबे थेंबे तळे साचे, तसे हे बल साचत जाते.

उरलेली दोन बले या स्पर्धेत उतरतच नाहीत. अणुकेंद्रकातील प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलत असूनही केंद्रक फुटत नाही, कारण प्रबल केंद्रकीय बल त्यांना बांधून ठेवते. पण १ मिलिमीटरच्या एक हजार अब्जांश भागाच्या आसपास या बलाची पोच संपते. क्षीण बलाची पोच तर त्याहून कमी. हे बल न्यूट्रॉनचा प्रोटॉन करते, आणि प्रोटॉनचा न्यूट्रॉनही. सूर्यात दोन प्रोटॉन जुळताना एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो. हे काम फार मंद गतीने चालते, म्हणून तर सूर्याचे इंधन सुमारे ४६० कोटी वर्षे पुरले आहे आणि पृथ्वीवर जीवसृष्टीला फुलायला वेळ मिळाला आहे.

विद्युतचुंबकीय आणि क्षीण ही दोन बले मुळात एकच असल्याचे दाखवणाऱ्या ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सिद्धांताने वर्तवलेले डब्ल्यू आणि झेड कण १९८३ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडले. गुरुत्वाकर्षणाला मात्र या कुटुंबात समाधानकारकपणे बसवणे अजून कोणालाही जमलेले नाही.

उद्या एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे बल एवढे दुबळे का?" तर आपण मोकळेपणाने सांगावे, की याचे उत्तर आम्हा शास्त्रज्ञांकडेही नाही. कदाचित ते शोधणारा त्याच वर्गात बसलेला असेल.